दोन गुरुजींची एकच यादी

माझा हात लवकर उठतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला गरीब गाय समजायला नको. आतापर्यंत मी तीन माउस भिंतीवर फोडले आहेत, एक कीबोर्ड गुडघ्यावर आपटून दुमडला आहे, आणि खांद्यावर हात ठेवून ‘लोगो जरा मोठा करा ना मॅडम’ म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला स्टेपलर फेकून मारला आहे. लोगो मी नंतर मोठा करून दिला. पंचवटीत पूजेच्या सामानाच्या एका दुकानावर माझी खोली आहे. खाली कापूर, उदबत्त्या, जानवी. वर मी आणि माझा कॉम्प्युटर. मी वेबसाइटी करते.

करते म्हणजे काय, तर मांडते. कोडिंग वगैरे मला फारसं येत नाही आणि आता त्याची गरजही पडत नाही. एडिटर उघडला की डाव्या बाजूला तयार सेक्शनांची रांग असते. मोठ्या फोटोचा एक, ‘आमच्याविषयी’चा एक, चार चौकटींचा, गॅलरीचा, ‘ग्राहक काय म्हणतात’चा, आणि सगळ्यात खाली पत्ता-नकाशाचा. माउसने उचलायचा, पानावर सोडायचा, आतला इंग्रजी भरताड मजकूर पुसायचा आणि आपलं मराठी भरायचं. दातांचा डॉक्टर असो, लॉजवाला असो की मनुके विकणारा, सांगाडा सगळ्यांचा तोच. एकदा मंगल कार्यालयाच्या पानावर दवाखान्याचं ‘वेदना नाही, काळजी नाही’ तसंच राहिलं होतं. दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा मालक हसत सुटला. त्यामुळे असल्या चुकांनी कुणाचं रक्त निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

घाटावरच्या दोन गुरुजींचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला आनंद झाला होता. दोघं सख्खे चुलत भाऊ. थोरले साठीचे, जाडजूड, कमी बोलणारे. धाकटे चाळिशीचे, तापट, सतत उपरणं सावरणारे. त्यांचं पिढीजात काम म्हणजे नदीवर येणाऱ्या यजमानांचे विधी करणं आणि त्यांच्या घराण्यांच्या वह्या सांभाळणं. यजमान येतो, गाव आणि आडनाव सांगतो. गुरुजी लाल कापडात बांधलेली लांबोळी वही काढतात आणि त्याच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवतात. कधीतरी तो पणजोबाही इथेच येऊन, याच पायरीवर बसून, स्वतःच्या हाताने सही करून गेलेला असतो. मग आलेला माणूस त्याखाली आपलं, मुलांचं, नातवंडांचं नाव लिहितो. तगडे बागायतदार त्या सहीवर बोट ठेवून ढसाढसा रडताना मी पाहिले आहेत.

ही गावं वाटलेली असतात. कुठलं गाव कुठल्या गुरुजीचं हे आजोबा-पणजोबांच्या काळापासून ठरलेलं. दुसऱ्याच्या गावाचा यजमान चुकून आपल्याकडे आला, तर त्याला हाताला धरून ज्याचा त्याच्याकडे नेऊन पोचवायचं, ही घाटाची रीत. दुसऱ्याचं गाव घेणं म्हणजे दरोडाच. त्यासाठी पूर्वी डोकी फुटली आहेत असं थोरले गुरुजी मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी मान हलवली होती आणि ‘डोकी फुटली’ हे ‘आमच्याविषयी’त घालू का असं चेष्टेने विचारलं होतं. ते हसले नाहीत.

त्यांच्या घराची गावं दोन पिढ्यांपूर्वी वाटली गेली होती. निफाडकडची थोरल्यांच्या वाट्याला, बागलाणकडची धाकट्यांच्या. धाकट्यांच्या मनात वाटणीची अढी होती. आमच्या वडलांना भोळं बघून कमी दिलं, हे ते मला चहा पिताना दोनदा म्हणाले होते. आडनाव एक, पणजोबा एक, म्हणून मी एकच साइट केली आणि तिच्यात दोघांची दोन पानं.

थोरल्यांचं पान आधी झालं. त्यात मी एक सेक्शन खास बनवला होता, ‘आमची यजमान गावे’. पिवळसर पाटी, तीन रांगांत गावांची नावं, प्रत्येकापुढे लहानसा कलश. मला तो इतका आवडला की धाकट्यांच्या पानासाठी जपून ठेवला. जपून ठेवताना एडिटर एक बारीकशी गोष्ट विचारतो. नुसती नक्कल हवी, की दोन्ही जागा जोडलेल्या हव्यात? जोडलेल्या असल्या की एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे होतो. फोन नंबरासाठी फार सोयीचं. नंबर एकदाच बदलायचा, वीस पानांवर हिंडावं लागत नाही. त्या बटणाकडे मी बघितलंच नाही. ते जोडलेल्यावरच होतं.

मग मी धाकट्यांच्या पानावर गेले, थोरल्यांची गावं पुसली आणि बागलाणची गावं लिहिली. पान सुंदर दिसत होतं. मी त्यांना फोन करून सांगितलं, त्यांनी बघितलं, खूश झाले. थोरल्यांच्या पानावर त्याच क्षणी निफाडची गावं जाऊन बागलाणची आली होती. पाच दिवस ती तिथे होती. थोरले मोबाइलवर फक्त फोन घेतात आणि मी केलेलं पान पुन्हा उघडून बघत नाही.

सहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी बाजारातून मेथी घेऊन घाटाच्या कडेने येत होते. थोरले गुरुजी पायऱ्यांवरून चालले होते. त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाचं मनगट धरलं होतं. म्हाताऱ्याच्या दुसऱ्या हातात लाल फडक्याने तोंड बांधलेलं मडकं होतं. मागे तीन-चार माणसं. ते सगळे, धाकटे घाटावर जिच्याखाली बसतात त्या मोठ्या छत्रीकडे चालले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. धाकटे छत्रीखाली पाट मांडत होते.

पुढचं फार भराभर झालं. धाकट्यांनी विचारलं, कुठलं गाव. म्हाताऱ्याने गाव सांगितलं. ‘मग माझ्याकडे यायचं सोडून तिकडे कसे गेलात?’ धाकट्यांनी सरळच विचारलं होतं, आवाजात राग नव्हता. म्हाताऱ्याबरोबरच्या माणसाने खिशातून मोबाइल काढला, पुढे केला आणि थोरल्यांकडे बोट दाखवून म्हणाला, ‘आमले काय माहीत गुरुजी? मोबाईलमा तर यासनंच नाव शे.’

मेथीची पिशवी माझ्या हातात होती. काय झालं असणार हे त्या घाटावर फक्त मला कळलं होतं.

धाकट्यांनी मोबाइल बघितला. अंगठ्याने वर सरकवला, खाली सरकवला. ‘दादा, हे काय आहे?’ थोरले वाकून बघायला लागले. ‘मी नाही रे लिहिलं. मला त्यातलं काय कळतं?’ ‘तुझं पान. तुझा फोटो. तुझा नंबर. आणि माझी गावं.’ ‘अरे, मी यांना तुझ्या...’

वाक्य पुरं झालं नाही. धाकट्यांनी मांडलेला पाट उचलला आणि थोरल्यांच्या डाव्या कानावर मारला. सागाचा पाट. तो आवाज मला अजून ऐकू येतो. देवळापुढे नारळ फोडतात तसा, फक्त ओला. थोरले एका गुडघ्यावर आले. धाकट्यांनी पुन्हा मारला, खांद्यावर, आणि तिसऱ्यांदा पाठीत. मग थोरले उठले. साठीचा माणूस तो, पण त्याने धाकट्यांचा गळा धरला, त्यांना पायरीवर आडवं पाडलं आणि पूजेचं तांब्याचं पंचपात्र घेऊन तोंडावर हाणायला लागला. एक, दोन, तीन. जानवं तुटून धाकट्यांच्या दंडात अडकलं होतं. भाताचे पिंड चेंगरून सगळ्या पायरीवर पसरले. म्हातारा मडकं छातीशी धरून भिंतीला चिकटला होता आणि ‘नका रे, नका रे’ म्हणत होता.

मी काय केलं? मी पळाले. त्यांच्याकडे नाही, माझ्या खोलीकडे. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले, एडिटर उघडला, जोडणी तोडली, थोरल्यांची जुनी यादी माझ्या वहीतून बघून परत टाइप केली आणि पब्लिश दाबलं. माझे हात अजिबात थरथरत नव्हते, याचीच मला आज जास्त शरम वाटते. खाली थोरल्यांच्या कानातून रक्त जात होतं आणि वर मी निफाडच्या गावांपुढे कलश लावत होते.

हे असं का केलं ते समजायला आमचं घर सांगावं लागेल. वडील तोफखान्यात होते. देवळाली कॅम्पात आम्ही राहायचो. रेंजवर फायरिंग सुरू झालं की मांडणीतली भांडी थरथरायची, आणि घरातल्या फायरिंगला तर वेळापत्रकही नव्हतं. काही फुटलं, सांडलं, हरवलं की वडील पट्टा हातात गुंडाळून एकच प्रश्न विचारायचे, ‘कोणी केलं?’ जो ‘मी’ म्हणेल त्याला मार. कोणी बोललं नाही तर समोर सापडेल त्याला. माझ्या धाकट्या भावाने आणि मी एक विद्या शिकून घेतली होती. मोडलेलं गुपचूप जागेवर लावून ठेवायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. एकदा वडलांच्या घड्याळाची काच माझ्या हातून निसटून तडकली. मी ती तशीच बसवून घड्याळ खिळ्याला लावून दिलं. संध्याकाळी सापडला भाऊ. पट्टा अडवायला त्याने हात पुढे केला आणि त्याची करंगळी मोडली. ती अजून वाकडीच आहे. मी दारात उभी राहून बघत होते. भावाला माहीत होतं ते माझं काम आहे म्हणून. तो काही बोलला नाही, आणि आता तो दूरच्या शहरात असतो आणि दिवाळीला फोन करतो.

तर मी पान दुरुस्त केलं आणि चेहरा कोरा केला. खाली आले तेव्हा लोकांनी दोघांना सोडवलं होतं. थोरल्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, धाकट्यांना चौकीत. दुपारी थोरल्यांच्या बायको, ज्यांना मी काकू म्हणते, माझ्याकडे आल्या, कारण पान मीच केलं हे त्यांना माहीत होतं.

‘कानाचा पडदा फाटलाय म्हणतात,’ त्या म्हणाल्या. ‘ऐकू येईल की नाही सांगता येत नाही. आणि तो मेला चौकीत काय सांगतो, तर ह्यांनी त्याची गावं मोबाइलवर स्वतःच्या नावावर लावली. हवालदारांनी तिथेच उघडून बघितलं. आपलीच गावं! सगळी बरोबर! खोटारडा कुठला. वाटणीचा डूख धरून बसला होता इतकी वर्षं, निमित्त काढलं.’

मी काकूंना पाणी दिलं. पाणी देताना मला कळलं की मी काय केलंय. चूक होती तोवर धाकट्यांच्या रागाला काहीतरी कारण तरी होतं. मी ती गुपचूप सुधारली आणि त्यांना खोटं पाडलं. त्या बागलाणच्या माणसांनाही हवालदारांनी विचारलं होतं. त्यांनी पुन्हा मोबाइल उघडला, निफाडची गावं बघितली आणि गोंधळून गेले. घरात नुकतीच मयत झाली होती, त्यांना कुठे वाद हवा होता. म्हातारा म्हणाला म्हणे, ‘आमलेच चुकीचं दिसनं व्हई,’ आणि ते अस्थी दुसऱ्याच कुणाकडून विसर्जित करून निघून गेले.

‘काका काय म्हणतात?’ मी विचारलं.

‘ते काही बोलतच नाहीत. ज्याने मला मारलं त्याच्यासाठी मी खुलासा करत बसणार नाही म्हणतात. शुक्रवारी चौकीत बोलावलंय सगळ्यांना. घाटावरचे दोन वडीलधारे गुरुजीही येणारेत. खोटं बोलून भावावर हात टाकला असं ठरलं की त्याची जागा गेली, गावं गेली. वह्या आमच्याकडे येतील.’

काकू वाईट बाई नाहीत. पण वह्या आमच्याकडे येतील हे म्हणताना त्यांचे डोळे चमकले, आणि मला वाटलं हातातला तांब्या त्यांच्या डोक्यात घालावा. खरं तर तो माझ्या डोक्यात घालायला हवा होता.

त्या धंद्यात माणसाचा शब्द हेच भांडवल. यजमान गुरुजीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो की हाच तुझा पणजोबा. खोटा ठरलेल्या गुरुजीच्या वहीवर कोण बोट ठेवणार? बुधवारी धाकट्यांना समज देऊन सोडलं, ते संध्याकाळी घाटावर आले तेव्हा त्यांची छत्री मोडून नदीत टाकलेली होती. काड्या वर करून ती कडेच्या गाळात रुतली होती. कुणी टाकली हे कुणी सांगितलं नाही. ते गुडघाभर पाण्यात उतरले, छत्री ओढून काढली आणि तिथल्या तिथे एक एक काडी मोडून फेकली. मी वरून खिडकीतून पाहत होते.

त्यानंतर ते माझ्याकडे आले. जिन्यावर पावलं वाजली तेव्हाच मी टेबलावरची कात्री खणात टाकली, त्यांच्या हाती लागू नये म्हणून आणि माझ्याही. त्यांचा वरचा ओठ फाटून सुजला होता, पुढचा एक दात नव्हता. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. ते बसले नाहीत.

‘ताई, पान तुम्ही करता. तुम्ही रोज बघत असाल. माझी गावं दादाच्या पानावर होती ना? मी बघितली. माझ्या डोळ्यांनी बघितली. सटाण्याच्या बाजूची सगळी. होती ना?’

मी म्हणाले, ‘नाही. तसं काही नव्हतं.’

इतकं सहज निघालं तोंडातून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं, मीही मारलं असतं आणि भांडणात सगळं मिटलं असतं. पण त्यांनी टेबलाच्या काचेवर स्वतःची मूठ आपटली. काच फुटली. त्यांनी पुन्हा त्याच फुटक्या काचेवर आपटली, आणि पुन्हा. रक्त माझ्या कीबोर्डवर उडालं.

‘मग मला वेड लागलं असेल,’ ते म्हणाले. ‘नसलेलं दिसायला लागलं असेल मला. मी दादाला उगाच मारलं.’

हात उपरण्यात गुंडाळून ते खाली गेले. ‘एस’ आणि ‘डी’ ही दोन बटणं त्यानंतर चिकटायला लागली. मी ती स्पिरिटने पुसली. कीबोर्ड फेकून द्यावा असं वाटलं, पण फेकला नाही.

गुरुवारी दुपारी मी कॅम्पात वडलांकडे डबा घेऊन गेले. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. आता हात कापतात, चालताना भिंत धरावी लागते. मी आठवड्यातून दोनदा जाते, त्यांचं सगळं करते आणि करताना ओरडते. हे सांडलं का, ते उघडं का टाकलं, गोळ्या का नाही घेतल्या. एकदा आमटीची वाटी भिंतीवर फेकली होती. त्यांना मारलेलं नाही. कधीच नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते.

त्या दिवशी ते दिवाणावर पायात मोजे घालून बसले होते. उन्हाळ्यात मोजे. एका मोज्याचा तळवा लाल-काळा झाला होता.

‘पायाला काय झालं?’

‘काही नाही.’

मी वाकून दिवाणाखाली बघितलं. जुन्या वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून अगदी मागे भिंतीपर्यंत सरकवलं होतं. ओढून काढलं. पाण्याच्या ग्लासच्या काचा होत्या. अगदी बारीक चुरासुद्धा गोळा करून पुडी बांधली होती, व्यवस्थित, दोन घड्या घालून. मी आणि भाऊ बांधायचो तशीच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काच पायात घेऊन हा माणूस सकाळपासून बसलाय आणि मला सांगत नाही. मी पुडी त्यांच्या तोंडासमोर धरली आणि कडाडले, ‘कोणी केलं?’

त्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

वडलांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं पुढे. ‘मांजर,’ ते म्हणाले. ‘मांजर आलं असेल.’

तोफखान्यातला माणूस. ज्याच्या पावलांचा आवाज आला की आमची पुस्तकं उघडायची, तो मला घाबरून मांजराचं नाव सांगत होता. मला हसू आलं नाही. सूड उगवल्याचा आनंदही झाला नाही, इतकी वर्षं होईल होईल म्हणून जपून ठेवलेला. मला फक्त भीती वाटली, माझीच. मी खाली बसले, मोजा सोडवला, तो रक्ताने चिकटला होता म्हणून पाणी लावून सोडवला, आणि भुवया उपटायच्या चिमट्याने काच काढली. प्रत्येक वेळी मी हात हलवला की ते अंग चोरत होते.

‘मारणार नाही मी,’ मी म्हणाले.

‘बरं,’ ते म्हणाले, पण कोपरं त्यांनी खाली घेतली नाहीत.

शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन चौकीत गेले. आत हवालदार टेबलामागे, शेजारी घाटावरचे दोन म्हातारे गुरुजी खुर्च्यांवर. थोरले बाकावर बसले होते, डाव्या कानावर जाड पट्टी, डोकं किंचित वाकडं. काकू त्यांच्यामागे उभ्या. धाकटे समोर भिंतीशी उभे, हाताला कापड बांधलेलं. एक म्हातारे गुरुजी त्यांना विचारत होते, ‘कबूल कर ना, खोटं बोललास म्हणून.’ आणि धाकटे म्हणत होते, ‘मला दिसलं होतं. पण आता मी खात्रीने नाही सांगत.’

ते ‘खात्रीने नाही सांगत’ ऐकलं आणि मी धाडकन टेबलावर लॅपटॉप ठेवला. हवालदार दचकले. ‘ओ मॅडम, तुमचं काय?’

‘यांना दिसलं ते खरं होतं,’ मी म्हणाले. ‘माझी चूक आहे.’

एडिटर सगळं जपून ठेवतो. कुठला सेक्शन कधी बदलला, आधी काय होतं, सगळ्या जुन्या प्रती वेळेसकट एका यादीत असतात. मी ती यादी उघडली. पाच दिवस थोरल्यांच्या पानावर कुठली गावं होती ते दाखवलं. मग मारामारी झाली त्या सकाळी, मारामारी चालू असतानाच, मी काय बदललं ते दाखवलं. जोडलेले सेक्शन म्हणजे काय ते हवालदारांना दोनदा समजवावं लागलं. म्हाताऱ्या गुरुजींना ते एकदाच सांगून समजलं. ‘म्हणजे एका वहीत खोडलं की दुसऱ्या वहीतही आपोआप खोडलं जातं,’ त्यांतले एक म्हणाले. ‘असली वही कशाला ठेवायची?’ मग मी धाकट्यांकडे वळून सांगितलं, की परवा तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले.

धाकटे भिंतीपासून निघाले, लॅपटॉपच्या पडद्याकडे थोडा वेळ बघितलं, स्वतःच्या गावांची नावं ओठांनी वाचली, आणि मग बांधलेल्याच हाताने माझ्या कानशिलात अशी लगावली की माझे दात गालात रुतले. हवालदार ओरडत उठले. माझा हात उठला. खांद्यापर्यंत आला होता. मी तो दुसऱ्या हाताने धरला आणि खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा आणला.

‘काय झालं?’ बाकावरून थोरले मोठ्याने म्हणाले. ‘काय म्हणाली ती? मला नाही ऐकू आलं.’

त्यांचा पट्टीचा कान आमच्या बाजूला होता. मी सांगितलेलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

‘इकडून ये,’ ते म्हणाले. ‘या बाजूला. तिकडून आता काही येत नाही.’

मी बाकाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले, खाली बसले, आणि सगळं पुन्हा सांगितलं. तोंडात रक्त होतं, ते गिळत गिळत, मोठ्याने. माझं चुकलं, हेही पुन्हा सांगितलं. काकू रडायला लागल्या. थोरले ऐकत राहिले. त्यांनी मान वर करून चुलत भावाला शोधलं आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा चढ्या आवाजात म्हणाले, ‘अरे, मी त्या म्हाताऱ्याला तुझ्याकडेच आणत होतो. हाताला धरून आणत होतो.’

धाकटे त्यांच्या डाव्या बाजूला उभे होते. बाकाची कड धरून ते खाली बसले, आणि त्या पट्टीजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, ‘चुकलं माझं, दादा.’

थोरले समोर बघत होते. उत्तर येईल म्हणून ते थोडा वेळ थांबले, आणि मग काकूंना म्हणाले, ‘चल. हा काही बोलणार नाही.’